आजीचं 'डोन्ट' तसंच राहू दे

मॅडम,
मी लातूर जिल्ह्यातली. दहावीपर्यंत गावच्या मराठी शाळेत शिकले. आता एफ.वाय.बी.ए.ला आहे आणि पुढे इंग्रजीच घ्यायचं ठरवलं आहे. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मी तिसरीत होते. त्या उन्हाळ्यावर असाइनमेंटसाठी इंग्रजी निबंध लिहिला. परत आला तेव्हा त्यावर अकरा लाल वर्तुळं होती, सगळी डिडन्ट, कुडन्ट, इट्स, दे'ड अशा शब्दांभोवती. खाली 'नो कॉन्ट्रॅक्शन्स', म्हणजे शॉर्ट फॉर्म नकोत, असा शेरा आणि 20 पैकी 12 गुण. मग मी प्रत्येक शॉर्ट फॉर्म उघडून निबंध पुन्हा लिहिला. सर म्हणाले, आता हा तहसील कचेरीच्या नोटिशीसारखा झाला, आणि नव्या चुका आल्या त्या वेगळ्याच. स्पोकन इंग्लिशच्या क्लासमध्ये मात्र 'आय डू नॉट नो' म्हटलं की मुलं हसतात. मावसभाऊ अमेरिकेत शिकतो. तो म्हणतो, तिकडे असलं सगळं चालतं, तुमचे सर जुन्या काळातले आहेत. नक्की बरोबर कोण? आणि हे आम्हाला शाळेत कुणीच का सांगितलं नाही?
– एक विद्यार्थिनी

प्रिय मुली,

निबंधाच्या दोन्ही प्रतींचे फोटो पाठवलेस हे फार बरं केलंस. नुसता प्रश्न आला असता तर मी नियम सांगून मोकळी झाले असते. तुझा निबंध वाचला आणि ते मला जमेना. बारा दिवस टँकर आला नाही, आईनं घागरींवर खडूनं आकडे घातले, म्हणजे कुठली घागर आधी रिकामी करायची ते कळावं, आणि आजी अंधारात हातानं चाचपून घागरी मोजायची. हे वाचताना मी शाळा-कॉलेज, गुण-बिण सगळं विसरले. चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं आहे मी. असा परिच्छेद फार क्वचित हाती यायचा. म्हणून हा निबंध सुटू नये असं मला मनापासून वाटतं, आणि म्हणूनच उत्तर जरा लांबणार आहे.

आधी सरळ उत्तर. शाळा-कॉलेजच्या औपचारिक इंग्रजी निबंधात पूर्ण रूपं लिहायची. डिडन्ट नाही, डिड नॉट. इट्स नाही, इट इज. तुझ्या सरांनी अकरा वर्तुळं घातली, त्यांतली दहा बरोबर आहेत. अकरावं चुकलं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. त्याकडे मी शेवटी येते.

आता तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्यात तुझं दुखणं आहे. 'आम्हाला कुणीच का सांगितलं नाही?' अगं, सांगितलं होतं, पण मराठीत. दहावीच्या मराठीच्या पेपरात तू 'पाऊस आलाय' लिहिलं होतंस का? 'पाऊस आला आहे' असंच लिहिलं असशील. 'मी करतोय', 'तो गेलाय', 'पाणी नाहीये' हे आपण दिवसभर बोलतो. 'करतो आहे', 'गेला आहे' यांतला 'आहे' आपण बोलताना गिळतो आणि त्याचा जेमतेम एक 'य' उरतो. इंग्रजीतला इट्स असाच झाला आहे: 'इज'मधला स्वर गिळला, 'स' उरला. फरक एवढाच की जिथे गिळलं त्या जागी इंग्रजीवाले अपॉस्ट्रॉफीची (') खूण ठेवतात, आपण ठेवत नाही.

'असं केलं, मी म्हटलं' आणि 'असे केले, मी म्हटले' हीही तीच गोष्ट. मराठीच्या मान्य लेखननियमांत पात्राच्या तोंडच्या बोलण्यात 'केलं', 'म्हटलं' अशी रूपं लिहायला मुभा आहे आणि एरवी 'केले', 'म्हटले' लिहावं असं सांगितलं आहे. आता वर्तमानपत्रांत, लेखांत 'केलं' सर्रास दिसतं. मी तुला हे उत्तरही त्याच रूपांत लिहिते आहे, कारण तुझ्याशी बोलते आहे. पण विद्यापीठाला अर्ज लिहायचा झाला तर माझा हात आपोआप 'केले आहे'कडे वळेल. तुझाही वळेल. कुणी पाठ करून घेतलं नव्हतं, तरी कानाला ते कळतं, कारण मराठी आपण आधी ऐकली आणि मग लिहिली.

इंग्रजीचं तसं झालं नाही. ती तुला आधी फळ्यावर भेटली. मग मोबाइलवर गाणी, सिनेमे, रील्स यांतून बोलीतली इंग्रजी एकदम अंगावर आली. दोन्ही एकाच डब्यात पडल्या. कुठली कधी काढायची हे सांगणारा कान अजून तयार व्हायचा आहे. यात मराठी माध्यमाचा दोष नाही आणि तुझाही नाही. इंग्रजी माध्यमाच्या मुलांच्या निबंधांवरही मी हीच वर्तुळं हजारदा घातली आहेत.

हे भांडण फार जुनं आहे, हेही तुला सांगायला हवं. जोनाथन स्विफ्ट या लेखकानं 1710 मध्ये 'टॅटलर' या लंडनच्या पत्रात असल्या तोडलेल्या शब्दांवर कडाडून टीका केली होती. पुढच्याच वर्षी ॲडिसन या निबंधकारानं 'स्पेक्टेटर' या दुसऱ्या पत्रात मेन्ट (मे नॉट), कान्ट, शान्ट (शॅल नॉट), वोन्ट या रूपांबद्दल तक्रार केली. म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी लंडनची सुशिक्षित माणसंही हे शब्द बोलत होती, लिहीत होती, आणि कुणाला तरी ते खटकत होतं. तेव्हा 'ही आजकालच्या पोरांची मोबाइलची भाषा' असं कुणी म्हणालं तर ऐकून घे, पण मानू नकोस. शॉर्ट फॉर्म ही इंग्रजीतली चूक नाही. ते बोलण्याचं रूप आहे, आणि तुझ्या निबंधाचा प्रसंग बोलण्याचा नव्हता. (वर्गात हमखास येणारा एक प्रश्न: 'विल नॉट'चं वोन्ट कसं झालं? 'विल'चं एक जुनं रूप 'वोल' होतं. वोन्टमधला 'ओ' तिथून आला आहे.)

मग औपचारिक लेखनात पूर्ण रूपच का? नुसती शिस्त म्हणून नाही. मला पटलेलं कारण असं की पूर्ण रूपात काहीच झाकलं जात नाही. हे तुझ्याच दुसऱ्या प्रतीत सिद्ध झालं आहे. शॉर्ट फॉर्म उघडलेस आणि नव्या चुका आल्या म्हणून तू रडकुंडीला आलीस. पण त्या चुका नव्या नाहीत. त्या आधीपासून आत होत्या, अपॉस्ट्रॉफीखाली लपलेल्या. चार ठिकाणं दाखवते.

पहिल्या प्रतीत तू लिहिलंस, 'इट्स बीन नाइन इयर्स'. उघडताना केलंस 'इट इज बीन नाइन इयर्स'. इथला इट्स म्हणजे इट इज नव्हे, इट हॅज. 'इट हॅज बीन नाइन इयर्स'. शॉर्ट फॉर्ममध्ये 'इज' आणि 'हॅज' दोघंही एकाच 'स'मागे उभे राहतात. पुढे बीन, गॉन, डन, टेकन असलं रूप आलं की बहुतेक वेळा 'हॅज' समजावं, पण डन, टेकन यांच्या आधी 'इज'ही येऊ शकतो. 'इट्स डन' म्हणजे 'झालं' किंवा 'केलं जातं', तिथे 'इट इज डन'. म्हणून वाक्य मराठीत म्हणून बघ.

दुसरं, 'दे'ड डग अ बोअरवेल'. तू उघडलंस 'दे वुड डग'. तिथे हवं होतं 'दे हॅड डग', म्हणजे 'त्यांनी बोअर घेतलं होतं'. 'ड' हा 'हॅड'चाही असतो आणि 'वुड'चाही. बोअर घेतलं होतं की घेतलं असतं, यात केवढा फरक आहे बघ. गावातल्या ज्या माणसांबद्दल तू लिहिते आहेस त्यांच्यावर त्या एका अक्षरामुळे अन्याय होऊ शकतो.

तिसरं वाचून मला तुझी दया आली, कारण माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांचं हेच झालं आहे. तू संगणकावर शोधून एकजात सगळे अपॉस्ट्रॉफी-एस काढलेस आणि त्यांच्या जागी 'इज' घातलंस. त्यामुळे 'टँकर्स ड्रायव्हर', म्हणजे टँकरचा ड्रायव्हर, याचं झालं 'टँकर इज ड्रायव्हर'. मालकी दाखवणारा अपॉस्ट्रॉफी हा शॉर्ट फॉर्म नव्हे. तो आपल्या 'चा-ची-चे'च्या जागी आहे. इंडियाज रिव्हर्स, मदर्स सारी, व्हिलेजेस वेल, हे सगळं औपचारिक निबंधात तसंच राहतं. 'ओ'क्लॉक'सुद्धा राहतं. ते मूळचं 'ऑफ द क्लॉक' असलं तरी आता अख्खा एक शब्द आहे, तो कुणी उघडत नाही.

चौथं सगळ्यात नाजूक. 'द टाउन अँड इट्स वेल्स', गाव आणि त्याच्या विहिरी. इथल्या इट्सला अपॉस्ट्रॉफी लागतच नाही. तू दिला होतास, आणि मग उघडून 'इट इज वेल्स' केलंस. उच्चार दोन्हींचा एकच, म्हणून इथे कान मदत करत नाही, डोळ्यालाच शिकावं लागतं. हिज, हर, देअर यांना अपॉस्ट्रॉफी नाही, तसाच मालकीच्या इट्सलाही नाही. पूर्ण रूपं लिहिण्याची सवय लागली की ही चूक आपोआप मरते. तुझ्या निबंधात अपॉस्ट्रॉफीवाला इट्स कुठे असूच नये असं एकदा ठरलं, की जो इट्स उरेल तो मालकीचाच असणार.

एकाच निबंधात चार चुका उघड्या पडल्या. सरांच्या लाल शाईचा खरा उपयोग हा आहे.

ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळाच्या लेखननियमांत याच्याशी जुळणारी एक गोष्ट आहे, ती मला फार महत्त्वाची वाटते. ते नियम सोप्या, बोलक्या इंग्रजीच्या बाजूचे आहेत, शॉर्ट फॉर्म्सना त्यांची मनाई नाही. पण कान्ट आणि डोन्ट अशी नकारार्थी रूपं टाळा, असं ते सांगतात. कारण पुष्कळ वाचकांना ती वाचायला जड जातात, आणि काही जण ती उलट अर्थानं वाचतात. एवढासा 'न्ट' नजरेतून निसटला की 'करू नका'चं 'करा' होतं. ज्यांची इंग्रजी दुसरी किंवा तिसरी भाषा आहे, अशा आपल्यासारख्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता नोटिशीकडे वळू. सर म्हणाले निबंध तहसील कचेरीच्या नोटिशीसारखा झाला, आणि तू समजलीस की पूर्ण रूपांमुळे झाला. मी दोन्ही प्रती शेजारी ठेवून वाचल्या. पूर्ण रूपांनी तसं काही केलेलं नाही. दुसरी प्रत लिहिताना तू घाबरलेली होतीस, आणि घाबरलेला माणूस सरकारी भाषेच्या आडोशाला जातो. पहिल्या प्रतीत 'माय मदर कुडन्ट स्लीप' होतं. दुसऱ्या प्रतीत त्याचं 'इट मे बी नोटेड दॅट स्लीप वॉज नॉट पॉसिबल फॉर माय मदर' झालं. अगं, कुडन्ट उघडायला दोनच शब्द लागत होते: 'माय मदर कुड नॉट स्लीप'. बस. आई झोपली नाही. 'नोंद घेण्यात यावी' कशाला?

आपल्याकडे औपचारिक म्हणजे अवजड अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. माझं स्वतःचं मत असं आहे की हे कचेरीतून आलं. 'आय ॲम डायरेक्टेड टू स्टेट दॅट' अशी सुरुवात असलेली पत्रं ज्यांनी वर्षानुवर्षं वाचली आणि लिहिली, त्यांना हीच उंची इंग्रजी वाटली, आणि त्यांनी ती मुलांना दिली. माझ्या वडिलांनी मला तशीच दिली होती. कॉलेजात माझा पहिला निबंध परत आला तेव्हा एका प्राध्यापकांनी समासात एवढंच लिहिलं होतं, 'हे तू आईला कसं सांगशील?' त्या प्रश्नानं मला घडवलं. तोच तुला देते. पण त्याचा अर्थ 'बोलीत लिही' असा नाही. आईला कळेल असं साधं वाक्य कर आणि ते पूर्ण रूपात लिही.

पूर्ण रूपात जीव नसतो असं ज्यांना वाटतं त्यांना मी एकच उदाहरण देते, आणि ते आपल्याच मातीतलं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाच्या परिषदेसाठी जे भाषण लिहिलं, जे परिषद रद्द झाल्यामुळे झालंच नाही आणि त्यांनी स्वतः छापून काढलं, त्यात ही वाक्यं आहेत: 'यू कॅनॉट बिल्ड एनिथिंग ऑन द फाउंडेशन्स ऑफ कास्ट. यू कॅनॉट बिल्ड अप अ नेशन, यू कॅनॉट बिल्ड अप अ मोरॅलिटी.' मोठ्यानं वाच. मग तीनही कॅनॉटच्या जागी कान्ट घालून वाच. वाक्य बसतं. अर्थ तोच राहतो, पण तो हातोडा पडत नाही. तीनदा कॅनॉट, तीनदा घाव. आणि शब्द किती साधे आहेत बघ, बिल्ड, नेशन, कास्ट. एकही शब्द तुला शब्दकोशात शोधावा लागणार नाही. हे भाषण म्हणूनच लिहिलेलं होतं, लोकांसमोर उभं राहून वाचायला. तरी रूपं पूर्ण आहेत, कारण जे सांगायचं होतं त्याला तेवढं वजन हवं होतं. (कॅनॉट हा एकच शब्द आहे, हेही यात बघून ठेव. तू दोन ठिकाणी 'कॅन नॉट' असं तोडलं आहेस.)

तुझ्या निबंधातलं पहिलंच वाक्य घे. 'वुई डिडन्ट हॅव वॉटर फॉर ट्वेल्व्ह डेज.' ते 'वुई डिड नॉट हॅव वॉटर फॉर ट्वेल्व्ह डेज' केलंस की 'नॉट' स्वतःच्या पायावर उभा राहतो. बारा दिवस पाणी नव्हतं. 'नव्हतं' हेच तर तुला सांगायचं आहे!

पण सलग पाच वाक्यांत 'डिड नॉट, डिड नॉट' आलं तर कंटाळा येतो, हे खरं. तिथे रूप बदलून भागत नाही, वाक्यच बदलावं. 'द टँकर डिड नॉट कम फॉर ट्वेल्व्ह डेज'ऐवजी 'नो टँकर केम फॉर ट्वेल्व्ह डेज' लिहून बघ. 'देअर वॉजन्ट एनी वॉटर'ऐवजी 'देअर वॉज नो वॉटर'. इंग्रजीतला 'नो' फार कामाचा आहे आणि आपली मुलं तो वापरायला विसरतात, कारण मराठीत नकार क्रियापदाला चिकटतो. आपण 'टँकर आला नाही' म्हणतो, 'नाही टँकर आला' म्हणत नाही. त्यामुळे इंग्रजीतही हात आधी क्रियापदाकडेच जातो.

प्रश्नार्थक वाक्यांत आणखी एक खड्डा आहे. पहिल्या प्रतीत तू विचारलंस, 'डिडन्ट द ऑफिसर्स नो?' अधिकाऱ्यांना माहीत नव्हतं का? दुसऱ्या प्रतीत झालं 'डिड नॉट द ऑफिसर्स नो?' हे चूक म्हणता येणार नाही, पण आज ते फार जुनाट वाटतं, आणि नोटिशीचा भास थोडा इथूनही आला. आजच्या इंग्रजीत पूर्ण रूप करताना 'नॉट' कर्त्याच्या मागे जातो: 'डिड द ऑफिसर्स नॉट नो?' म्हणजे शॉर्ट फॉर्म उघडणं हे नेहमी जागच्या जागी होत नाही, कधी शब्दांची जागाही हलते. म्हणूनच संगणकाला सांगून सगळं एकदम बदलू नकोस. पेन्सिल घेऊन बस. प्रत्येक अपॉस्ट्रॉफीपाशी थांब आणि विचार, इथे मालकी आहे की काही गळलं आहे? गळलं असेल तर काय गळलं? मग अख्खं वाक्य मोठ्यानं वाच. शंभर ओळींच्या निबंधाला अर्धा तास पुरतो. पहिला खर्डा मात्र लिहिताना यातलं काही मनात आणू नकोस. मनात येईल तसं, डोन्ट-कान्टसकट लिहून काढ. तुझा पहिला खर्डा जिवंत आहे तो त्यामुळेच.

'लेट्स'चं 'लेट अस' होतं. पण तुझा तो शेवटचा 'लेट अस ऑल सेव्ह एव्हरी ड्रॉप' असलेला परिच्छेद मी काढूनच टाकेन. तो तुझा नाही, तो भिंतीवरच्या घोषणेचा आहे. ज्यांनी बारा दिवस घागरी मोजल्या त्यांना पाणी वाचवायला सांगायचं? निबंध आकडे घातलेल्या घागरींपाशीच संपू दे.

मावसभावाचंही खोटं नाही, पण त्याचं अर्धंच खरं आहे. 'शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल' हा तिकडच्या प्रकाशकांचा मोठा नियमग्रंथ. तो म्हणतो, विचारपूर्वक वापरले तर शॉर्ट फॉर्म्समुळे बहुतेक लेखन सहज आणि वाचनीय होतं. उलट अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची एपीए पद्धत, जी तिकडे मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र अशा विषयांत चालते, ती शोधनिबंधात शॉर्ट फॉर्म टाळायला सांगते. दोन्ही अमेरिकेचेच. म्हणजे 'तिकडे चालतं' असं एक उत्तर नाही. विषय कुठला, शिक्षक कोण, लेखन कसलं, यावर ते ठरतं. 1999 मध्ये लाँगमन या प्रकाशनसंस्थेनं बोली आणि लेखी इंग्रजीचं एक मोठं व्याकरण काढलं, ते प्रत्यक्ष वापरातल्या कोट्यवधी शब्दांच्या संग्रहावर आधारलेलं होतं. त्यात दिसलं ते असं: शॉर्ट फॉर्म सर्वांत जास्त संभाषणात, त्याहून कमी कथा-कादंबऱ्यांत, त्याहून कमी बातम्यांत, आणि अभ्यासपूर्ण लेखनात अगदी थोडे. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेही असंच वागतात, मग आपल्याला संकोच कशाचा? उद्या तू आयईएलटीएसला, म्हणजे परदेशी जाणाऱ्यांच्या इंग्रजीच्या परीक्षेला, बसलीस तरी हेच. तिथल्या निबंधात पूर्ण रूपं लिही, आणि बोलण्याच्या परीक्षेत खुशाल आयम, डोन्ट, इट्स बोल.

त्यावरून तुझा स्पोकन इंग्लिशचा क्लास. तिथे मुलं हसतात ते चांगलं नाही, पण त्यांचा कान बरोबर आहे. मराठीत कुणी गप्पा मारताना 'मी जेवलो आहे, मी आता जाणार आहे' असं एकेक अक्षर तोलून बोललं तर तुलाही ते पुस्तकी वाटेल. बोलताना डोन्टच म्हण. 'आय डू नॉट नो' असं प्रत्येक शब्दावर जोर देऊन म्हटलं तर समोरच्याला तू चिडली आहेस असं वाटू शकतं. मैत्रिणीला पत्र, भाषण, संवाद, मुलाखत, गटचर्चा असे प्रश्न परीक्षेत आले तर तिथेही शॉर्ट फॉर्म शोभतात. संवादात सगळी पूर्ण रूपं लिहिली तर माणसं बोलतात असं वाटतच नाही. 'यू', 'आर' यांच्याऐवजी एकेक अक्षर किंवा 'बिकॉज'चं मोबाइलवरचं रूप मात्र परीक्षेत कुठेच नको. ते शॉर्ट फॉर्म नव्हेत, ती घाई आहे.

आता अकरावं वर्तुळ. तुझ्या तिसऱ्या परिच्छेदात आजी म्हणते, 'डोन्ट स्पिल इट, चाइल्ड.' सरांनी त्या डोन्टलाही वर्तुळ घातलं, आणि तू दुसऱ्या प्रतीत निमूट 'डू नॉट स्पिल इट, चाइल्ड' केलंस. ते परत फिरव. अवतरणचिन्हांत माणूस बोलत असतो, आणि नियम माणसाच्या तोंडाला लागू होत नाही. एपीएची ती पद्धतसुद्धा, जी शॉर्ट फॉर्म टाळायला सांगते, दुसऱ्याचे शब्द उद्धृत करताना ते आहेत तसेच ठेवायला सांगते. मार्क ट्वेनच्या 1884 च्या कादंबरीत हकलबरी फिन पहिल्याच वाक्यात 'यू डोन्ट नो अबाउट मी' म्हणतो. त्यावर तू कितीही गंभीर निबंध लिहिलास तरी ते वाक्य उद्धृत करताना 'डू नॉट' करायचा तुला अधिकार नाही. ते त्या पोराचं बोलणं आहे.

तुझी आजी इंग्रजी बोलली नाही, हे मला माहीत आहे. ती म्हणाली असेल, 'सांडू नगं गं, लेकरा.' ते तू इंग्रजीत आणलंस. शब्द बदलले, पण सूर राखायची जबाबदारी तुझ्यावर आली. 'डू नॉट स्पिल इट' म्हणजे सरकारी नळावरची पाटी. 'डोन्ट स्पिल इट, चाइल्ड' यात अंधारात घागरी चाचपणारी बाई आहे. भोवतालचा सगळा निबंध पूर्ण रूपांत असला की मधलं हे एकच डोन्ट किती उठून दिसेल, बघ. सगळीकडे डिडन्ट-कुडन्ट असताना आजीचं बोलणं त्यांच्यात बुडून गेलं होतं. आता ते ऐकू येईल.

हे सरांना सांगायला घाबरू नकोस. वाद घालू नकोस, विचार. दहा ठिकाणी दुरुस्ती करून नवी प्रत ने. म्हण, 'सर, बाकीचे सगळे बदलले आहेत. हे एक आजीच्या तोंडचं आहे, ते तसंच ठेवलं तर चालेल का?' दहा वर्तुळं मान्य करून आलेल्या मुलीचं अकराव्याबद्दल ऐकून घेतलं जातं, असा माझा अनुभव आहे. आणि जाताजाता हेही विचारून घे, की वर्षभर सगळ्या असाइनमेंटना हाच नियम आहे ना, विद्यापीठाच्या पेपरातही हाच धरायचा ना. तपासणारा बदलला की आवड बदलते, तेव्हा आधीच माहीत असलेलं बरं.

तिसरी प्रत झाली की तिचा फोटो मला पाठव. घागरींवरचे आकडे वाढते होते की उतरते, तेही त्यात लिही. दोन्ही प्रतींत ते राहून गेलं आहे.